बेस वाजवायचाय: आधी बँड की आधी रियाज?

सहकारनगरचा_मंद्र
कॉलेजचं गॅदरिंग असो की फिरोदिया करंडकाच्या तालमी, पुण्यात गिटारवाले ढिगाने मिळतात. बेस गिटार वाजवणारा, म्हणजे बेसवाला, मात्र शोधून सापडत नाही. कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं: "अजून हात बसला नाही." माझं स्पष्ट मत आहे, हात बसायची वाट बघू नका, बँडमध्ये शिरा. तारा चारच, ई-ए-डी-जी, गिटारपेक्षा एक सप्तक खाली. कॉर्ड बदलली की तिचा मूळ सूर, तोही ड्रमच्या किकबरोबर, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमबरोबर. एवढ्यावर पाच-सहा गाणी आरामात उभी राहतात. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एका तर्जनीवर वाजवायचा. तंत्राचा एवढा बाऊ कशाला?

लयीला_पक्का
अजिबात पटलं नाही. जेमर्सनचं अर्धंच सांगितलंत. मोटाऊनच्या आधी तो शाळेत डबल बेस (उभा धरून वाजवायचा मोठा बेस) शिकला होता, डेट्रॉइटच्या जॅझ क्लबांत वाजवत होता. त्या एका बोटामागे तो रियाज आहे.
आणि नवख्यांचा खरा घोळ सूर वाजवण्यात नसतो, थांबवण्यात असतो. ए तार छेडताना शेजारची ई मोकळी घुमत राहते. घरच्या छोट्या ॲम्पवर ते कळत नाही, हॉलच्या स्पीकरवर गायकाला स्वतःचा सूर सापडेनासा होतो. अंगठा ई तारेवर टेकवून ठेवायची सवय मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावून, संथ लयीत, महिनोन्‌महिने करावी लागते. लोक तिकीट काढून येतात, त्यांच्यावर सराव करू नये.

ऑर्केस्ट्रा_कीबोर्ड
बेसवाला मिळत नाही म्हणून मी वर्षानुवर्षं डाव्या हाताने कीबोर्डवर बेस भरतोय, त्यामुळे नवखा आला तर मला हवाच आहे. काही गोष्टी घरी बसून येतच नाहीत हो. गिटारवाला दुसऱ्या फ्रेटवर (घरावर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबणारा चिमटा, लावून जी कॉर्डचा आकार धरतो, ऐकू येतो ए. नवखा त्याच्या हाताकडे बघून जी वाजवतो आणि दोघं एकमेकांकडे बघत बसतात! गायिका आयत्या वेळी सांगते, काळी एक नको, पांढरी दोन घ्या. मोकळ्या तारांवर अवलंबून नसाल तर सगळं एक घर पुढे सरकवायचं, बस्स. पण हे डोकं तालमीतच तयार होतं.

लयीला_पक्का
तालमीला माझी ना नाहीच. स्टेजला आहे.

सहकारनगरचा_मंद्र
तारीख ठरल्याशिवाय कुठला बँड गाणी नेटाने बसवतो? सोसायटीच्या गणपतीत सुरुवात करा, तिथे तिकीट नसतं. सामानाचीही काळजी नको. जॅमपॅडमध्ये (तालमीच्या भाड्याच्या खोलीत) बेसचा ॲम्प बहुतेक असतो, आधी विचारून घ्या. फक्त छोट्या गिटार ॲम्पला बेस जोडून आवाज चढवू नका, स्पीकर फाटतो. हॉलवर डीआय बॉक्स (बेस आणि मिक्सर जोडणारी छोटी पेटी) मागा, थेट मिक्सरला जाता येतं.

लयीला_पक्का
गणपतीचं चालेल. पण गाणी चारच घ्या, आणि निदान एक तालीम फक्त ड्रमरबरोबर करा, गायकाला न बोलावता. किक आणि बेस एकत्र पडत नसतील तर तारीख पुढे ढकला. माझी हरकत तेवढ्यावर कायम आहे.