पाणीपट्टी, जल कर, जल आकार: नेमका फरक काय?

नळावरची
आमच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला पाण्याचे मीटर बसणार आहेत. सूचनाफलकाचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. मी लिहिलं, 'यापुढे पाणीपट्टी मीटरप्रमाणे घेतली जाईल.' अध्यक्ष म्हणाले, 'मीटरने येते ती पट्टी कसली? जल आकार लिहा.' खजिनदारांना 'पाणीकर' भारदस्त वाटतो. हे सगळे एकच की वेगवेगळे?

मोडीवाचक
एकच नाहीत, आणि तुमच्या अध्यक्षांचा कान तिखट आहे.

पट्टी म्हणजे गावावर किंवा घरावर बसवलेली रक्कम. कुणी किती वापरलं याच्याशी तिला देणंघेणं नाही. आमच्या गावी जत्रेची पट्टी निघते, उंबऱ्यामागे ठरलेली. तुम्ही तमाशाला या नाहीतर पुण्यात बसून राहा, पट्टी चुकत नाही. पोरं वही घेऊन पुण्यापर्यंत येतात. घरपट्टी त्याच कुळातली. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळची सिंहासनपट्टीही त्याच कुळातली. म्हणून पट्टी बसवतात, काढतात, भरतात, थकवतात. मोजत कुणी नाही. जखमेवर बांधतो ती पट्टी आणि ही एकच. कागदाच्या लांब पट्टीवर नावं नि रकमा लिहायच्या, त्यावरून वसुलीला हे नाव पडलं असावं, पण हा माझा तर्क.

पाणीपट्टीचंही तसंच. अर्धा इंची नळ, वर्षाचे ठरलेले रुपये. दिवसाआड पाऊण तास पाणी आलं काय आणि टुल्लू लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं ओढलं काय, रक्कम तीच.

आता ग्रामपंचायतीची पावती बघा: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, सामान्य पाणीपट्टी, विशेष पाणीपट्टी. घरात स्वतःचा नळ घेतला की 'विशेष'. तिथेच पट्टीचा पाय घसरायला लागतो, कारण घेणारा आणि न घेणारा वेगळे काढले गेले.

'आकार' मात्र महसुली शब्द. सात-बारावरची आकारणी जमिनीचा मगदूर बघून ठरलेली असते. आधी माप, मग रक्कम.

चाळकरी
मुंबईत दोन्ही आहेत की! मालमत्ता कराच्या देयकात 'जल कर' आणि 'जल लाभ कर' असे रकाने. पाण्याच्या देयकात मीटरप्रमाणे 'जल आकार', शेजारी 'मलनिःसारण आकार'. महापालिकेच्या कायद्यातच हा भेद आहे: मोजून आकार घेतला तर तो जल कराच्या ऐवजी, लाभ कर मात्र वेगळा चालूच. आमच्या मजल्यावर पाणी चढत नाही तेव्हा तो 'लाभ' कुणाचा, हे चावीवाल्यालाच विचारावं लागतं.

लिफीकाठचा
आयर्लंडमध्ये, डब्लिनला राहतो, म्हणून मधे तोंड घालतो. इथे या शब्दावरून सरकार जेरीस आलं होतं.

१९९७ पासून घरगुती पाण्याला वेगळं बिल नव्हतं, खर्च सर्वसाधारण करांतून व्हायचा. २०१० मध्ये देश कर्जात बुडाला. युरोपीय संघ आणि नाणेनिधीने पैसे देताना ज्या अटी घातल्या, त्यांत घरगुती पाण्याचं शुल्कही होतं. तोवर पाणी ३४ स्थानिक संस्था बघत होत्या. त्यांच्याकडून काम काढून 'आयरिश वॉटर' ही एकच सरकारी कंपनी केली आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून शुल्क लागू झालं. सरकार म्हणे, हा 'चार्ज'. लोक म्हणाले, पाण्याचे पैसे करातून भरतोच आहोत, हा दुसरा 'टॅक्स'. मोठमोठे मोर्चे निघाले. मीटर बसवायला आलेल्या कामगारांपुढे लोक घराबाहेर येऊन उभे राहिले.

आता मोडीवाचकांसाठी खास. लोक भडकल्यावर सरकारने कमाल मर्यादा घातली: एकट्या माणसाला वर्षाला १६० युरो, त्याहून मोठ्या घराला २६०. मीटर भिंतीबाहेर फिरतोय, पण त्या रकमेपुढे तो किती फिरला याला अर्थ नाही. म्हणजे आकाराची पुन्हा पट्टी झाली! आणि तीही टिकली नाही. २०१६ मध्ये स्थगिती, २०१७ मध्ये भरलेले पैसे परत.

जाता जाता: आयरिश भाषेत पाण्याला 'इश्का' म्हणतात. आपलं 'उदक' आणि ते एकाच मुळातले. सरकारने शेवटी त्या बिलांवर उदकच सोडलं म्हणायचं.

मोडीवाचक
वा! 'आकाराची पट्टी झाली' हे वहीत टिपून ठेवलं.

'जलदर' राहिला. दर म्हणजे एका मापाचा भाव, हजार लिटरला इतके. शहरं धरणातून पाणी घेतात त्याचे ठोक जलदर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. कालव्यावरचा ऊसवाला मात्र अजून पाणीपट्टीच म्हणतो, कारण त्याला पाण्याची रक्कम पीक आणि क्षेत्र बघून लागते, लिटरने नाही.

नळावरची
म्हणजे माझ्या फलकावर 'पट्टी' नको. 'जल आकार' लिहिलं तर चौथ्या मजल्यावरच्या आजी विचारणार, पाण्याला आकार कुठला? 'पाण्याचं बिल' लिहून मोकळी होते. एकच अडलंय: 'दर महिन्याच्या पाच तारखेला रीडिंग घेतले जाईल.' रीडिंगला काय म्हणू? 'वाचन' नको, ग्रंथालय वाटतं.

चाळकरी
'मीटरची नोंद घेतली जाईल' लिहा. आमच्याकडे बोलताना 'मीटरवाला आकडा घेऊन गेला' म्हणतात.

मोडीवाचक
चालेल. फक्त घाईत 'आकडा टाकून गेला' लिहू नका, वीजवाले येतील.