विकायच्या आधी जुन्या फ्लॅटवर खर्च करावा का? आणि नक्की कशावर?

तगर:
नमस्कार मंडळी. कोथरूडला आईबाबांचा २ बीएचके आहे, १९९४ ची बिल्डिंग, चार मजले, लिफ्ट नाही, आपला तिसरा मजला, कार्पेट ६४० स्क्वेअर फूटच्या आसपास. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे नाशिकला असते आणि आता तिचंच म्हणणं आहे की तो फ्लॅट विकू आणि इकडे तुझ्या जवळपास एखादा छोटा घेऊ. एजंट म्हणतोय की मॉड्युलर किचन, हॉलला फॉल्स सीलिंग आणि सगळीकडे मोठ्या टाइल्स करून घ्या, सहा लाख घाला, दहा-बारा लाख वाढवून मागता येतील. दादाचं मत एकदम उलट, आहे तसा विका म्हणतो. बजेट फार तर चार लाख आणि ते आईच्या एफडीतून येणार त्यामुळे एक रुपयाही वाया गेलेला मला चालणार नाही.
आत्ताची अवस्था अशी: मोझॅक फरशी चांगली आहे पण जुनाट दिसते, कडाप्पाचा ओटा, कॉमन बाथरूमच्या मागच्या भिंतीला (म्हणजे बेडरूममध्ये कपाटामागे) ओल आहे, पोपडे येतात. हॉलची बाल्कनी बाबांनी फार पूर्वीच बंद करून हॉलमध्ये घेतलीये. वायरिंग मूळचंच. मेट्रो स्टेशन चालत जाता येईल एवढं जवळ आहे हा एक प्लस पॉइंट. कोणी अलीकडे असा जुना फ्लॅट विकला किंवा घेतला असेल तर प्लीज सांगा, कुठला खर्च वसूल होतो?

पिंपळपान:
मागच्या वर्षी कर्वेनगरला असाच जुना रिसेल घेतला म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो. आम्ही जेवढे फ्लॅट बघितले त्यात फॉल्स सीलिंग कुठे होतं ते मला आज आठवत पण नाही, पण ओल कुठे होती ते सगळं आठवतं. घरात शिरलं की बायको सरळ बाथरूमच्या मागची भिंत बघायची, मी नळ सोडून प्रेशर बघायचो, आणि ओल दिसली की आमचे लगेच तीन-चार लाख कमी व्हायचे, कारण तोडफोड किती करावी लागेल ते कळत नाही आणि माणूस घाबरून जास्तच धरतो. म्हणजे तुमचा दीड-दोन लाखांचा दुरुस्तीचा खर्च समोरच्याच्या डोक्यात दुप्पट असतो. तो खर्च नक्की करा.
पण नुसता बाहेरून डॅम्पप्रूफ पेंट मारून झाकू नका, पुढच्या पावसाळ्यात सगळं बाहेर येतं. बाथरूमची फरशी पूर्ण काढायची, खालचा जुना कोबा (विटांचे तुकडे-सिमेंटचा थर) काढायचा, १९९४ चे जीआय (लोखंडी) पाइप असतील तर ते आतून गंजलेले असणारच, सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकायचे, नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी आणि त्याखालचा भाग) नवीन, मग वॉटरप्रूफिंग करून टाइल लावायच्या आधी नहाणीचं तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं, निदान २४ तास, ४८ ठेवलं तर उत्तम, आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं सीलिंग स्वतः बघायचं. कॉन्ट्रॅक्टर घाई करतो, लगेच टाइल लावू म्हणतो, ऐकायचं नाही. रोजचे फोटो काढून ठेवा, घेणाऱ्याला ते दाखवले की फार विश्वास बसतो, आम्हाला एकाने असे दाखवले होते आणि त्याच्याशी आम्ही घासाघीस सगळ्यात कमी केली.
जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवायचं तर बाथरूममध्ये अजिबात करू नका. लेव्हल वर येते, उंबरा उरत नाही आणि पाणी बेडरूममध्ये येतं.

आडवाट:
मी सिव्हिल इंजिनियर आहे, बँकांसाठी व्हॅल्युएशन करतो, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरून सांगतो. आम्ही जेव्हा फ्लॅट बघायला येतो तेव्हा कार्पेट एरिया, त्या भागातला चालू रेट, बिल्डिंगचं वय, मजला, लिफ्ट, पार्किंग, मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम आहे का, हे बघतो. किचनच्या ट्रॉल्या, सीलिंग, वॉर्डरोब यांचे रिपोर्टमध्ये जवळजवळ काहीच पैसे धरले जात नाहीत. आता याचा तुमच्याशी संबंध काय ते बघा. ७५ लाखांच्या वरच्या होमलोनला आरबीआयच्या नियमाने बँक किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देते, ३० ते ७५ लाखांच्या लोनला ८० टक्के. समजा इंटिरियरच्या जोरावर तुम्ही ९० लाखांना सौदा ठरवला आणि व्हॅल्युअरने ८२ लिहिले, तर बँक ८२ वर हिशोब करणार. ८० टक्के धरले तर सुमारे साडेपासष्ट लाख. घेणाऱ्याला अठराच्या जागी सुमारे साडेचोवीस लाख स्वतःचे आणावे लागतात, वर पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के (बाईच्या नावावर असेल तर ६) आणि रजिस्ट्रेशनचे ३० हजार वेगळे. बहुतेक सौदे इथेच अडकतात. एजंटला हे माहीत असतं.
बाल्कनीचं म्हणाल तर ती मंजूर नकाशात बाल्कनी म्हणूनच दिसणार. कॉर्पोरेशनची परवानगी घेऊन बंद केली होती का ते कागद शोधा. नसेल तर आता त्यावर जड टाइल-ग्रॅनाइट वगैरे अजिबात टाकू नका, तो स्लॅब बाहेर लोंबता असतो, जास्तीचं वजन नकोच. मूळ भिंत काढताना बीम-कॉलमला हात लागला नाही ना तेही एकदा इंजिनियरला दाखवा.
आणि सगळ्यात मोठी इम्प्रूव्हमेंट म्हणजे कागद, हे मी मनापासून सांगतो. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर होता का? नॉमिनी म्हणून आईच्या नावावर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट झालं म्हणजे मालकी आली असं होत नाही. तुमचं आणि दादाचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र (आपला वाटा आईला सोडल्याचा कागद), मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि इंडेक्स २ (त्याच्या नोंदणीचा उतारा), भोगवटा पत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा कॉर्पोरेशनचा दाखला), प्रॉपर्टी टॅक्सची पावती, सोसायटीची एनओसी, हे एका फाइलमध्ये तयार असेल तर ती फाइल मॉड्युलर किचनपेक्षा जास्त किंमत मिळवून देते. कागद अर्धवट असले की कर्जाने घेणारे निघून जातात आणि रोखीने घेणारे पाडून मागतात.

निशिगंध:
आडवाट यांचं पटतं पण किचनबद्दल मी थोडं वेगळं म्हणेन. आम्ही डोंबिवलीचा फ्लॅट विकला तेव्हा बघायला येणारी बहुतेक जोडपी भाड्याने राहणारी होती, हप्ता आणि भाडं दोन्ही एकदम भरणं त्यांना जमणार नव्हतं त्यामुळे लगेच राहायला जाता येईल असं घर त्यांना हवं होतं. आम्ही ट्रॉल्या केल्या नाहीत पण ओट्याचा कडाप्पा काढून ग्रॅनाइट, नवीन सिंक, मागे पांढऱ्या टाइल्स, आणि फिल्टर-मिक्सर-फ्रिजसाठी व्यवस्थित पॉइंट एवढं केलं. किंमत किती वाढली ते सांगता येणार नाही पण आधी जे "कळवतो" म्हणून जायचे ते थांबून बोलायला लागले.
ताई, आणखी एक. वायरिंगचं दुर्लक्ष करू नका. गिझर आणि एसीला वेगळी जाड वायर, एमसीबी (जास्त लोड आला की पडणारा स्विच) आणि आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) असलेला नवा डीबी (मेन स्विचचा बोर्ड), नीट अर्थिंग. उघडून दाखवता येतं आणि लहान मुलं असलेले लोक हे विचारतातच. मग रंग, तोही ऑफव्हाइट, कुठलीही गडद भिंत नको. आणि आईबाबांचं जुनं सामान आधी हलवा, माळे रिकामे करा. जड जातं, मला माहितीये, आईसमोर तर फारच, पण भरलेल्या घरात ६४० फूट ५०० सारखे दिसतात.

कोयनाकाठ:
टॅक्सचा मुद्दा राहिला. घराच्या सुधारणेचा भांडवली खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो, पण त्यासाठी बिल आणि बँकेतून पेमेंट हवं, रोखीत कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊ नका. नुसता रंग आणि किरकोळ दुरुस्ती यात सहसा धरत नाहीत. १ एप्रिल २००१ च्या आधी घेतलेल्या घराची त्या दिवशीची बाजारभावाची किंमत खरेदी किंमत म्हणून धरता येते, पण ती त्या वेळच्या स्टॅम्प ड्युटी किंमतीपेक्षा जास्त धरता येत नाही, आणि २००१ आधी बाबांनी बाल्कनीवर जे काही घातलं ते त्यातच आलं, वेगळं मिळत नाही. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेली प्रॉपर्टी असल्याने आईला १२.५ टक्के कर इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे महागाईप्रमाणे खरेदी किंमत न वाढवता) किंवा २० टक्के इंडेक्सेशनसह, यातलं जे कमी पडेल ते निवडता येईल. दोन्ही हिशोब सीएकडून करून घ्या.
पण टॅक्स वाचतो म्हणून खर्च करू नका. १२.५ टक्के धरले तर दोन लाखांच्या कामावर २५ हजार वाचतात, बाकीचे पावणेदोन लाख तुमचेच गेले. आई नाशिकला घर घेणारच आहे तर नफ्याची रक्कम ठरलेल्या मुदतीत त्यात गुंतवली की तशीही सूट मिळते. ५० लाख किंवा वरचा सौदा असेल तर घेणारा १ टक्का टीडीएस (आगाऊ कर) कापेल, तो आईच्या पॅनवर जमा झाला का ते बघा.

आडवाट:
एक विचारायचं राहिलं, सोसायटीत रीडेव्हलपमेंटचा विषय आहे का? तीस वर्षं उलटलीयेत म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. ते झालं का? आणि कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं?

तगर:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. आडवाट, काल सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना फोन केला. मागच्या वार्षिक सभेत रीडेव्हलपमेंटवर चर्चा झाली होती, आई नाशिकला असल्याने आम्हाला कळलंच नाही. ऑडिट झालंय, रिपोर्ट मागवते. कन्व्हेयन्स मात्र झालेलं नाहीये, बिल्डर दाद देत नाही म्हणे. मग आता आत खर्च करायचा की नाही?

आडवाट:
मग चित्र पूर्ण बदललं. अशा ठिकाणी घेणारा तुमच्या फरशीचे पैसे देत नाही, नव्या बिल्डिंगमध्ये मिळणाऱ्या जागेचे देतो. किचन, टाइल्स, सीलिंग सगळं रद्द करा. ओल मात्र काढा, कारण काम सुरू व्हायला वर्षं लागू शकतात, तोपर्यंत कोणीतरी तिथे राहणारच, आणि खालच्यांकडे गळत असेल तर ते आत्ताच मिटवायला हवं. वायरिंगमध्ये फक्त डीबी आणि गिझरची लाइन. रंग द्या. दीड-पावणेदोन लाखांत बसेल.
तुमचा जोर डीम्ड कन्व्हेयन्सवर लावा. बिल्डर सही करत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्यात तशी तरतूद आहे, जमीन सोसायटीच्या नावावर आली की प्रत्येक फ्लॅटची किंमत सुधारते. खर्च सगळ्या सभासदांत वाटला जातो त्यामुळे एकेकाला फार येत नाही.

पिंपळपान:
+१. आम्ही घेताना कन्व्हेयन्स झालेल्या सोसायटीला स्वतःहून जास्त द्यायला तयार होतो.

तगर:
दादाशी बोलले, त्यालाही पटलं. बाथरूम, डीबी, रंग एवढंच करतोय आणि हक्कसोडपत्राला दोघं एकत्र जाऊन येतो. सेक्रेटरी काकांकडून अजून काय काय घेऊन ठेवू?

आडवाट:
वार्षिक सभेच्या इतिवृत्ताची सही-शिक्क्याची प्रत, ऑडिट रिपोर्ट, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ट्रान्स्फर फी किती घेणार ते लेखी. उपविधींप्रमाणे महापालिका हद्दीत ट्रान्स्फर प्रीमियम २५ हजारांच्या वर घेता येत नाही, जास्त मागितला तर आत्ताच बोला. आणि रीडेव्हलपमेंटसाठी विशेष सभा लागली तर आईला नक्की घेऊन जा. ४ जुलै २०१९ च्या सरकारी निर्देशाप्रमाणे एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, कोरमही (सभेला लागणारी किमान हजेरी) दोन तृतीयांशचा आहे, म्हणजे तिची सही मोजली जाणार आहे, आणि त्याआधी विकायचं की नंतर हे तुम्ही त्या सभेत काय ठरतंय ते ऐकूनच ठरवा.