बर्नस्टीनमधला संगीतकार न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या खुर्चीने गिळला का?

मध्यलय
अमेरिकन संगीतकार आणि वाद्यवृंद संचालक लिओनार्ड बर्नस्टीनवर लिहिणारा जो तो १४ नोव्हेंबर १९४३ पासून सुरुवात करतो. त्या दिवशीचे संचालक ब्रुनो वॉल्टर आजारी पडले, न्यूयॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा पंचविशीतला सहायक संचालक बर्नस्टीन पूर्ण तालीम न होताच कार्नेगी हॉलच्या मंचावर उभा राहिला, कार्यक्रम रेडिओवरून देशभर गेला, दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी. घटना विलक्षणच. पण त्याच्या पुढचं वर्ष बघा की! १९४४ च्या जानेवारीत ‘जेरेमाया’ सिंफनी, एप्रिलमध्ये ‘फॅन्सी फ्री’ हा बॅले, डिसेंबरमध्ये ब्रॉडवेवर ‘ऑन द टाऊन’. एकीकडे हिब्रू विलापगीत, दुसरीकडे सुट्टीवर आलेल्या खलाशांचा जॅझ, आणि दोन्ही तितकंच मनापासून.

१९५७ ला ‘वेस्ट साइड स्टोरी’ आली, न्यूयॉर्कमधल्या दोन टोळ्यांच्या वैरात सापडलेल्या प्रेमाचं म्युझिकल, म्हणजे गाण्या-नाचाचं नाटक. १९५८ ला तो फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक झाला आणि १९६९ पर्यंत तिथेच राहिला. या काळातल्या मोठ्या रचना दोन: १९६३ ची ‘कॅडिश’ सिंफनी आणि १९६५ चे ‘चिचेस्टर साम्स’ हे हिब्रू स्तोत्रांचं समूहगान. दुसरी तर वर्षभराची रजा घेतली म्हणून झाली. बेथोव्हेन वाजवून घ्यायला संचालक हवा तर क्लीव्हलंडमध्ये सेल होता, बर्लिनमध्ये कारायान होता. ‘वेस्ट साइड स्टोरी’ लिहिणारा दुसरा कोणी नव्हता. माझ्या मते ती खुर्ची स्वीकारण्यात संगीताचं मोठं नुकसान झालं.

गिरगावकर
साफ असहमत. तुम्ही संचालन म्हणजे उरलेल्या वेळातलं काम धरताय. १९६० च्या दशकात त्याने ऑस्ट्रियन संगीतकार गुस्ताव मालरच्या सिंफनींची अख्खी मालिका ध्वनिमुद्रित केली, आठवी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर आणि बाकीच्या बहुतेक न्यूयॉर्कमध्ये. त्यातून मालर घराघरात पोचला. ही कामगिरी एखाद्या सिंफनीपेक्षा कमी कशी?

आपल्या मुंबईचे झुबिन मेहताच घ्या. वडील मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, मुलगा पुढे १९७८ ते १९९१ त्याच न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा संगीत दिग्दर्शक होता. मेहतांची कीर्ती संचालनावर उभी आहे, त्यांनी सिंफनी का लिहिल्या नाहीत असं त्यांना कोणी विचारत नाही. मग बर्नस्टीनलाच हा हिशेब का?

व्हायोलिनवाली
कारण त्याच्याकडे देण्यासारखं होतं, गिरगावकर! आणि मालरचं श्रेय एकट्याला देऊ नका. ॲमस्टरडॅममध्ये संचालक मेंगेलबर्ग, शिवाय स्वतः वॉल्टर यांनी तो कितीतरी आधी वाजवला होता. खुद्द न्यूयॉर्कमध्ये बर्नस्टीनच्या आधीचे संगीत दिग्दर्शक मित्रोपुलोस यांनीही वाजवला. बर्नस्टीनने तो टीव्ही आणि एलपीच्या काळात लाखोंपर्यंत नेला, एवढंच म्हणा.

‘वेस्ट साइड स्टोरी’चं मात्र पुरेसं कौतुक होतच नाही. ‘मारिया’ या गाण्यात ते नाव कसं गायलंय बघा: सा, तीव्र मध्यम, पंचम. तीव्र मध्यमावर जीव टांगणीला लागतो आणि पंचमावर सुटतो. हेच स्वरांतर टोळ्यांच्या भांडणातही आहे, तिथे ते सुटत नाही, रुतून बसतं. शेवटी खर्जात पुन्हा तोच तीव्र मध्यम ऐकू येतो. ‘कूल’ या गाण्यात तर बाराही स्वर वापरणाऱ्या विषयावर फ्यूग (एकच विषय वेगवेगळ्या वाद्यांनी पाठोपाठ उचलायची रचना) आहे, आणि ब्रॉडवेचा प्रेक्षक त्यावर मान डोलावतो. वाद्यसंयोजनात सिड रामिन आणि अर्विन कॉस्टल सोबत होते हे खरं, पण ही वीण त्याचीच.

सांजसूर
तुम्ही तिघांनीही त्याचं सर्वांत मोठं काम सोडलंत. ‘यंग पीपल्स कॉन्सर्ट्स’! १९५८ ते १९७२, ५३ कार्यक्रम, सीबीएसवर. समोर शाळकरी पोरं, मागे पूर्ण वाद्यवृंद, आणि विषय काय, तर सोनाटा म्हणजे काय, स्वरांतर म्हणजे काय, मालर कोण होता. मुलांना कळणार नाही म्हणून त्याने काही गाळलं नाही. मी स्वतः मुलांना पेटी शिकवते. दहा वर्षांच्या पोराला अवघड गोष्ट सोपी करून सांगणं किती कठीण असतं ते रोज बघते. ज्या खुर्चीला तुम्ही दोष देताय, त्या खुर्चीमुळेच एवढा वाद्यवृंद त्याच्या हाताशी होता.

मध्यलय
सांजसूर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, त्या कार्यक्रमांची किंमत मी कमी लेखत नाही. पण मालरचंच उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तो १८९७ ते १९०७ व्हिएन्नाच्या ऑपेराचा प्रमुख होता आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तळ्याकाठच्या झोपडीत बसून सिंफनी लिहायचा. त्याने लिहिण्याचे महिने राखले. बर्नस्टीनला ते जमलं नाही.

कोरा_कागद
मग १९६९ नंतरचं काय? खुर्ची सोडल्यावर २१ वर्षं मिळाली. १९७१ मध्ये ‘मास’ ही रंगमंचीय रचना आली, तिच्यावर समीक्षक दुभंगले. १९७६ चं ‘१६०० पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यू’ हे म्युझिकल ब्रॉडवेवर सात प्रयोगांत गुंडाळलं गेलं. १९८३ चा ‘अ क्वाएट प्लेस’ हा ऑपेराही लोकांच्या ओठी बसला नाही. म्हणजे अडचण वेळेची नव्हती. मध्यलय यांनी सांगितलेल्या रजेच्या वर्षातही त्याने आधी एका म्युझिकलवर महिने घालवले आणि ते सोडून दिलं. त्याला माणसं लागायची. एकटं बसून लिहिण्याचा त्याचा पिंडच नव्हता.

संचालनाचंही सरसकट कौतुक नको. १९८६ ची त्याची चायकॉव्हस्कीची सहावी सिंफनी ऐका, शेवटचा भाग १७ मिनिटांचा, एरवी दहाच्या आसपास असतो. मला ते ताणलेलं वाटतं.

गिरगावकर
त्या १७ मिनिटांसाठी मी भांडायला तयार आहे! वादक इतक्या संथ लयीत श्वास धरून वाजवतात, ते समोरच्या माणसावर विश्वास असल्याशिवाय होत नाही.

व्हायोलिनवाली
कोरा_कागद, पिंड नव्हता म्हणता, पण सोडून दिलेल्या त्या म्युझिकलमधलंच संगीत ‘चिचेस्टर साम्स’मध्ये आलं. दुसऱ्या भागात एक मुलगा हिब्रूत बायबलमधलं तेविसावं स्तोत्र गातो आणि मध्येच पुरुषांचा समूह ‘राष्ट्रं का खवळली’ म्हणत घुसतो. तो घुसणारा तुकडा ‘वेस्ट साइड स्टोरी’तून कापलेला आहे. इतकी वर्षं बाजूला पडलेलं टोळ्यांचं भांडण त्याने प्रार्थनेत आणून बसवलं. असा माणूस आणखी पाच वर्षं मोकळा असता तर काय लिहिलं असतं, हा मध्यलय यांचा प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो. ‘मास’ मात्र तुम्ही एका वाक्यात निकालात काढलीत, त्यावर मी सविस्तर लिहिणार आहे.