हुस्कर डू म्हणजे एकटा बॉब मोल्ड? ग्रँट हार्टचा 'इन्टॉलरन्स' ऐकलाय का कुणी?

जुनी_कॅसेट: कालच्या गप्पांत अमेरिकन पंक रॉक बँड हुस्कर डूचा विषय निघाला आणि एकाने ठोकून दिलं, "हुस्कर डू म्हणजे गिटारवाला बॉब मोल्ड. हार्ट ड्रमर, त्याचे सोलो अल्बम म्हणजे हौस." डोकंच फिरलं. १९८८ साली बँड फुटला आणि पुढच्याच वर्षी या 'हौशी' माणसाने जवळजवळ सगळी वाद्यं स्वतः वाजवून 'इन्टॉलरन्स' काढला. त्यातलं '२५४१' ऐका. मिनियापोलिसमधल्या बँडच्या जुन्या जागेचा नंबर तो. गाण्यात नवं बिऱ्हाड, टपालपेटीवर दोघांची नावं, आणि रात्रभर शेगडी चालू. का, तर उंदीर गारठू नयेत! मोल्डनं कधी उंदरांची काळजी केलीय?

सहावी_तार: तो 'एक' मीच. मोल्डचा सोलो अल्बम 'वर्कबुक'ही १९८९चाच. त्यातला चेलो ऐका, मग बोलू. 'इन्टॉलरन्स'मध्ये ऑर्गन सगळ्यावर बसलाय. गोधडीत तोंड घालून गातोय असं वाटतं.

जुनी_कॅसेट: बँडच्या 'झेन आर्केड' अल्बमवरचं 'पिंक टर्न्स टू ब्लू' कुणी लिहिलं? ड्रमरनेच ना?

ठेका_चुकला: ड्रमरचा विषय निघालाच आहे तर. पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये चार वर्षं ड्रम्स वाजवले. गिटारवाले स्कूटरवरून टेचात यायचे, मी रिक्षात बेस ड्रम मांडीवर घेऊन, तोंड बाहेर काढून. दोन चाली माझ्या होत्या. पोस्टरवर फोटो तिघांचा, बँडमध्ये माणसं चार!

सहावी_तार: चाली बऱ्या असतील तर नाव होतंच.

ठेका_चुकला: होतंच?? तुम्ही गिटारवाले ना? आयडीवरूनच कळतंय. हार्ट अनवाणी पायांनी ड्रम्स हाणत गायचा. तुम्ही उभ्या उभ्या तीन कॉर्ड वाजवून जग जिंकल्यासारखे!

सहावी_तार: अंगावर येऊ नका. आमच्याकडे ड्रमरच्या रिक्षाचे पैसे आम्हीच भरायचो. वर तालमीला तोच उशिरा.

जुनी_कॅसेट: अरे, अल्बम राहिला बाजूला, तुमचं रिक्षाचं मीटर काय चाललंय?

सहावी_तार: ऐकलं '२५४१'. दोनदा. ठीक आहे, उंदरांपुरतं मान्य. ऑर्गनबद्दल एक शब्द मागे घेणार नाही.

जुनी_कॅसेट: उपकार झाले.

ठेका_चुकला: आमच्या गिटारवाल्यांनी एकदाही रिक्षाचे पैसे दिले नाहीत. एवढंच नोंदवून ठेवतो.