भोंग्याऐवजी जिरावन

फ्लॅट 302, काकू : नमस्कार मंडळी. आज सकाळी साडेआठपासून प्रचाराची रिक्षा आपल्या फाटकाशी अकरा वेळा थांबली. मी हौसेने मोजत नव्हते, पण दुसरे काही करणे शक्यच नव्हते. सूनबाईंची पुण्याच्या कार्यालयाबरोबर बैठक चालू होती. आता तिच्या साहेबांनाही आपल्या उमेदवाराचे चिन्ह पाठ झाले आहे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी असते, हे मान्य. उरलेल्या सोळा तासांसाठी कोणी काही पर्याय सुचवील का?

फ्लॅट 204, वकीलकाका : मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास जाहीर प्रचार बंद ठेवावा लागतो. माझ्या मते हा नियम उलटा करावा : 48 तास काय ओरडायचे ते ओरडून घ्यावे आणि बाकीचे सर्व दिवस गप्प राहावे.

फ्लॅट 107, चिरंजीव : काका, विधानसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 40 लाख रुपये खर्च करता येतात. वीस रुपयांच्या हिशेबाने त्यात पोह्यांच्या दोन लाख प्लेटी येतील. रिक्षापेक्षा इंदूरकर त्याकडे अधिक लक्ष देतील.

फ्लॅट 204, वकीलकाका : बाळा, मत मिळावे म्हणून मतदाराला खाऊ घालणे 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार लाच ठरते. तुझ्या उमेदवाराची निवड जिलबीसकट रद्द होईल.

फ्लॅट 401, आजी : मग पोहे आपण आपल्या पैशाने घेऊ, उमेदवाराने फक्त ठेल्यामागे उभे राहून वरून शेव, कांदा आणि जिरावन, म्हणजे आपला इंदुरी मसाला, घालावा. सकाळी सात ते नऊ या वेळात माणसाची खरी पारख तिथेच होते. पहिल्या चार प्लेटींतच जो जिरावनाचा डबा रिकामा करतो, त्याच्या हाती सरकारी तिजोरी देऊ नये. ओळखीचा चेहरा दिसताच ज्याची शेवेची मूठ मोठी होते, त्याच्याबद्दल तर बोलायलाच नको. आणि गिऱ्हाईक "भिया, नींबू और डालना" म्हणाल्यावर जो आपल्या पक्षाचा इतिहास सांगू लागतो, त्याला रांगेतल्या लोकांनीच घरी पाठवावे.

फ्लॅट 302, काकू : आजी, अगदी पटले. याशिवाय प्रत्येक उमेदवाराला आठवडाभर कचरागाडीबरोबरही फिरवावे. ओला आणि सुका कचरा वेगळा न करणाऱ्या माणसाला दारातच समजावून सांगताना कोणाचा तोल जातो, ते आम्ही गॅलरीतून पाहू.

फ्लॅट 105 : क्षमा असावी, पण प्रचारच नको असेल तर सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात. समान मते पडल्यास आपल्या कायद्यातही हाच मार्ग सांगितला आहे, आणि 2017 मध्ये मुंबई महापालिकेच्या एका प्रभागाचा निकाल असाच लागला होता. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे तर चोळांच्या काळी, म्हणजे सुमारे 1100 वर्षांपूर्वी, ग्रामसभेच्या समित्यांसाठी ताडपत्रांवर नावे लिहून ती मडक्यात टाकत आणि एका लहान मुलाकडून उचलून घेत. भोंगा नाही, फलक नाही, हार नाही. मी तर म्हणतो, आपल्या सोसायटीच्या निवडणुकीपासूनच आरंभ करावा.

फ्लॅट 107, चिरंजीव : मडके मी आणतो.

फ्लॅट 204, वकीलकाका : आणावे, परंतु उत्तरमेरूरची ही पद्धत ज्या शिलालेखात कोरली आहे, त्यातील अटीही पाळाव्यात. उमेदवाराचे वय 35 ते 70 च्या दरम्यान असावे आणि त्याचे स्वतःच्या जागेवर घर असावे, हे ठीक. मात्र पूर्वी समितीवर राहून ज्याने हिशेब सादर केला नाही, त्याचे नाव मडक्यात पडतच नसे, आणि त्याच्या जवळच्या नातेवाइकांचेही नाही.

फ्लॅट 302, काकू : गेल्या गणेशोत्सवाचा हिशेब कोणाकडे होता बरे?

फ्लॅट 401, आजी : मला वाटते, चिठ्ठ्यांचे ज्यांनी सुचवले त्यांच्याकडेच.

फ्लॅट 105 (रात्री पावणेअकरा) : सर्व सभासदांना कळवण्यात येते की पावत्यांचा डबा माळ्यावर मोदकांच्या साच्यांखाली सापडला आहे. दोन पावत्या तुपामुळे वाचता येत नाहीत. त्यांचा उलगडा होईपर्यंत आजींच्या ठेल्याच्या सूचनेवर विचार करण्यास माझी हरकत नाही.