चौकशीचे अहवाल आणि तपासाची कागदपत्रे खुली करायची, हे ठरवावे कोणी?

बर्डीचा वाचक (प्रश्न)

हिवाळी अधिवेशन जवळ आले की नागपुरात मोर्चांच्या जोडीने एक मागणी हमखास ऐकू येते: अमुक चौकशीचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवा, तमुक प्रकरणाची कागदपत्रे जनतेसमोर आणा. विरोधात असताना ही मागणी तावातावाने करणारेच सत्तेत गेल्यावर ‘विषय संवेदनशील आहे’ असे सांगतात, आणि कालपर्यंत गोपनीयतेची ढाल पुढे करणारे विरोधी बाकांवरून पारदर्शकतेची भाषा बोलू लागतात. कोणताही पक्ष याला अपवाद असल्याचे मला तरी दिसलेले नाही. कागद दडवायचा की खुला करायचा, यासाठी कायद्यात काही मुदत आणि निकष आहेत का, की सारे त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवर चालते? आणि मर्जीवरच चालत असेल, तर सोयीचे तेवढे कागद वेचून बाहेर काढण्याला आळा कोण घालणार?

निवृत्त अभिलेखपाल

आपल्या प्रश्नात आयोगाचा अहवाल आणि तपास यंत्रणेची कागदपत्रे एकत्र आली आहेत. कायदा त्यांना एका मापाने मोजत नाही.

चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेल्या आयोगाचा अहवाल, त्यावर सरकारने काय केले हे सांगणाऱ्या कृती अहवालासह, मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत विधिमंडळापुढे ठेवणे कलम ३(४) नुसार सरकारवर बंधनकारक आहे. मात्र ही मुदत चुकली तर कोणाला काय शिक्षा, याविषयी कायदा गप्प आहे. आदर्श सोसायटी प्रकरणातील न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल सरकारला एप्रिल २०१३ मध्ये मिळाला आणि तो आपल्या येथील अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, २० डिसेंबरला पटलावर आला. त्याच दिवशी सरकारने तो फेटाळल्याचेही सांगितले आणि टीका झाल्यावर जानेवारीत अंशतः स्वीकारला. मुंबई दंगलींवरील श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये सादर होऊन ऑगस्टमध्ये पटलावर आला, म्हणजे मुदत जवळपास पाळली गेली. पण त्यासोबतच्या कृती अहवालात सरकारने त्याचे निष्कर्ष अमान्य केले. सरकारने या अधिनियमाबाहेर, केवळ प्रशासकीय आदेशाने समिती नेमली तर सहा महिन्यांचे बंधनही लागू होत नाही. २६/११ नंतरची राम प्रधान समिती अशीच होती.

तपास आणि गुप्तवार्ता यंत्रणांच्या कागदांची गोष्ट याहून अवघड आहे. ‘परम गोपनीय’, ‘गुप्त’, ‘गोपनीय’ हे शिक्के १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमात व्याख्या करून दिलेले नाहीत. ते ज्या विभागीय सूचनांवरून मारले जातात, ती पुस्तिका स्वतःच गोपनीय आहे. चाळीस वर्षे नस्त्या हाताळल्यावरही मला याचे हसू येते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने गुप्तवार्ता विभागासारख्या संस्था भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता कायद्याबाहेर ठेवल्या आहेत आणि २०११ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाचाही त्या यादीत समावेश झाला.

धरमपेठचा वकील

‘आळा कोण घालणार’ हा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण अर्धवट उघडलेली नस्ती कित्येकदा बंद नस्तीपेक्षा अधिक दिशाभूल करते. अमेरिकेतील उदाहरण पाहावे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेथील प्रतिनिधीगृहाच्या गुप्तवार्ता समितीतील बहुमतवाल्यांनी लिहिलेले चार पानी टिपण राष्ट्राध्यक्षांनी खुले केले. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या एका माजी प्रचार सल्लागारावर पाळत ठेवण्याची परवानगी तपास यंत्रणेने अपुरी माहिती देऊन मिळवली, असा त्याचा आशय होता. अल्पमतवाल्यांचे उत्तर तीन आठवड्यांनी, तेही काही मजकूर काळा करून, आले. पाळतीच्या परवानगीसाठी न्यायालयात केलेले मूळ अर्ज मात्र जुलैपर्यंत लोकांनी पाहिलेलेच नव्हते, म्हणजे मधले पाच महिने ज्या दस्तऐवजावरून वाद चालला तो वाद घालणाऱ्या सामान्य वाचकाच्या हातात नव्हता. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये न्याय विभागाच्या महानिरीक्षकांना त्या अर्जांत सतरा ठळक चुका व त्रुटी आढळल्या. तपास राजकीय आकसातून सुरू झाल्याचा पुरावा मात्र आढळला नाही. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचे अर्धे वाक्य मिळाले.

आपल्याकडे गुन्हेगार आणि राजकारणी यांच्या साट्यालोट्यावरील व्होरा समितीचा अहवाल १९९५ मध्ये संसदेपुढे आला तोही जेमतेम डझनभर पानांचा. त्यामागची गुप्तवार्ता यंत्रणांची सामग्री आली नाही. म्हणून माझे मत असे की निष्कर्ष खुले करण्यापेक्षा त्यांच्या बुडाशी असलेला पुरावा ठरलेल्या मुदतीत, मंत्र्याच्या सहीची वाट न पाहता, आपोआप खुला झाला पाहिजे. मुदत आधीच ठरलेली असेल तर वेळ साधून कागद काढण्यातला राजकीय नफाच संपतो.

मानेवाड्याहून

वकीलसाहेबांशी मी पूर्ण सहमत नाही. पुराव्यात साक्षीदारांची, खबऱ्यांची आणि नुसत्या संशयावरून गोवलेल्या माणसांची नावे असतात. व्होरा अहवालाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ती पार्श्वसामग्री उघड करण्यास नकार दिला होता. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये केनेडी हत्येचे उरलेले कागद घाईने खुले झाले, तेव्हा हयात व्यक्तींचे सामाजिक सुरक्षा क्रमांकही त्यांत उघडे पडले. आपोआप खुले करायचे असेल, तर आधी प्रत्येक पान वाचणारी माणसे नेमा.

धरमपेठचा वकील

पान वाचूनच द्यावे, याबद्दल वाद नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम १० त्यासाठीच आहे: वगळण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेला द्यायचा. एका नावासाठी सबंध गठ्ठा अडवून ठेवण्याची सवय मला मान्य नाही.

बर्डीचा वाचक

दोघांचेही आभार. मग थेट आपल्या गावचे विचारतो. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधानभवनाजवळ मोर्चात झालेल्या चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधव गेले. न्यायमूर्ती दाणी आयोगाने कोणालाही दोषी धरले नाही. त्या निष्कर्षामागच्या साक्षी आणि प्रतिज्ञापत्रे आज सामान्य नागरिकाला मागता येतील का?

निवृत्त अभिलेखपाल

मागता येतील. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(३) नुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद हे अपवाद सोडले तर, नाकारता येत नाही. ‘तपासात अडथळा येईल’ किंवा ‘खासगी माहिती आहे’ ही कारणे या मुदतीनंतर टिकत नाहीत. १९९४ च्या घटनेला ती मुदत २०१४ मध्येच पूर्ण झाली.

अडचण निराळीच संभवते. आपल्या राज्यात ‘अ’ वर्गाचे अभिलेख कायम राखतात आणि ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे. हे कागद कोणी ‘ब’ वर्गात टाकले असतील, तर त्यांची मुदतही संपत आली असेल किंवा उलटलीही असेल. त्यामुळे पहिल्याच अर्जात साक्षी मागण्यापूर्वी, या आयोगाच्या अभिलेखांना कोणता वर्ग दिला, ते सध्या कोणत्या अभिलेख कक्षात आहेत आणि नष्ट केले असल्यास त्या आदेशाची प्रत, एवढे आधी मागा. अर्ज सामान्य प्रशासन आणि गृह या दोन्ही विभागांकडे करा. कागद दुसरीकडे असतील तर पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच विभागात प्रथम अपील करावे लागेल.