मदत हवी आहे: नोकरी सांभाळून डेटा अ‍ॅनालिसिस शिकायचंय, कोर्स कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी. मी बी.कॉम., नाशिकला एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. टॅली आणि एक्सेलवर हात बसलाय, पिव्होट टेबल रोजचंच. आता एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि पॉवर बीआय (आकड्यांचे आलेख-रिपोर्ट बनवायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) शिकून अ‍ॅनालिस्टच्या कामाकडे वळायचंय. वेळ मिळतो तो रात्री आणि रविवारी.

एनपीटेलचे, म्हणजे आयआयटी वगैरे संस्थांचे ऑनलाइन कोर्स पाहिले. शिकायला फुकट, सर्टिफिकेट हवं तर फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यायची. गुणांत असाइनमेंटचे 25 टक्के, परीक्षेचे 75. ही पद्धत मला पटते, घरबसल्या कॉपी करून पास होता येत नाही. पण बरेच विषय थिअरीकडे झुकलेले वाटले. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरच्या गूगलच्या कोर्समध्ये एसक्यूएल आहे, पण आलेखांसाठी पॉवर बीआय नाही, त्याच्यासारखंच दुसरं सॉफ्टवेअर टॅब्लो शिकवतात. पॉवर बीआयचं साहित्य मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट मिळतं, मात्र अडलं तर विचारायचं कुणाला?

एका खासगी क्लासचे तर फोनवर फोन. ‘आजच सीट बुक करा, उद्या फी वाढेल.’ हप्त्यांची सोय म्हणतात, ते प्रत्यक्षात फायनान्स कंपनीचं कर्ज! ‘जॉब गॅरंटी’च्या अटी लेखी मागितल्या की साहेब मीटिंगमध्ये.

अकाउंट्समधून इकडे आलेलं कुणी आहे का इथे? मुलाखतीत तुम्हाला सर्टिफिकेट विचारलं की स्वतः केलेला प्रोजेक्ट दाखवायला सांगितला? आणि थेट शंका सोडवणारा, खिशाला परवडणारा एखादा कोर्स स्वतः केला असेल तर नाव नक्की सांगा. ऐकीव नको.